बी.आर्क.ची पहिली दोन वर्षं कशी काढायची: ठाणे-नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांसाठी

आर्किटेक्चरला ॲडमिशन मिळाली की घरात पहिला प्रश्न येतो, "लॅपटॉप कुठला घ्यायचा?" लॅपटॉप नंतर घेतला तरी चालतो. आधी ५ मीटरची टेप घ्या, १९ मिमी रुंद पात्याची, आणि ती कायम बॅगेत ठेवा. पाच वर्षांचा, दहा सेमिस्टरचा हा कोर्स जड जाण्याचं एक मोठं कारण फार साधं आहे: ९०० मिमी म्हणजे नेमकं किती, हे मुलांच्या हाताला माहीत नसतं. मग टॉयलेटचं दार कमोडला अडतं, जिन्याला डोक्यावर उंची उरत नाही आणि बेडरूममध्ये पलंग मावतो पण कपाट उघडत नाही. घरातलं ओट्याचं, दाराचं, जिन्याच्या पायरीचं, बसच्या सीटचं माप रोज एक घ्या आणि वहीत टिपा. सेमिस्टर संपेपर्यंत अंदाज बसायला लागतो.

प्रवेशाबद्दल थोडक्यात

बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवेतच. नाटा (आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा) किंवा जेईई मेनचा पेपर २ (आर्किटेक्चरचा) द्यावा लागतो आणि राज्यातला प्रवेश सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून होतो. पात्रतेच्या टक्क्यांचे नियम मधूनमधून बदलतात, त्यामुळे दादाच्या वेळचं ऐकू नका, चालू वर्षाची माहितीपुस्तिका वाचा. कॉलेजचे पर्याय भरण्याआधी काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या साइटवर त्या कॉलेजला त्या वर्षासाठी मान्यता आहे का, हे स्वतः पाहा. मान्यता नसेल तर पदवी हातात पडूनही आर्किटेक्ट म्हणून नोंदणी होणार नाही.

नेरूळ, बेलापूर, नवीन पनवेल या पट्ट्यात कॉलेजं आहेत आणि ठाण्याहून ट्रान्सहार्बरनं तिथं जाणं सोपं पडतं. फोर्ट, प्रभादेवी, वांद्र्याची नावं मोठी आहेत, पण सकाळच्या गर्दीत हातात मॉडेल घेऊन रोज दीड तास, हाही हिशेबाचा भाग आहे. शक्य असेल तर कॉलेज दुपारी चारच्या सुमारास बघायला जा. स्टुडिओत मुलं बसून काम करताना दिसतात का, भिंतींवर ताजी कामं टाचलेली आहेत का, वर्कशॉपच्या दाराला कुलूप आहे का, एवढं बघितलं की ब्रोशर वाचायची फारशी गरज उरत नाही.

सामान: काय घ्यायचं, काय नाही

पहिल्या आठवड्यात वर्गाच्या ग्रुपवर लांबलचक यादी फिरते आणि सगळे ती जशीच्या तशी विकत घेतात. निम्मं सामान वर्षभर पडून राहतं. सुरुवातीला एवढं पुरतं:

– ए१ मापाचा ड्रॉइंग बोर्ड. कॉलेजमध्ये टेबलं असतील तर घरी फक्त ए२ चालेल. टी-स्क्वेअर घ्यायचा की पॅरलल बार, हे सर किंवा मॅडम सांगतील त्याप्रमाणे.
– ४५ आणि ३०-६० चे सेट स्क्वेअर, किमान २५० मिमीचे. लहान घेतले की उभी लांब रेघ दोन तुकड्यांत मारावी लागते आणि जोड दिसतो.
– मिमीतली तिकोनी स्केल, १:२०, १:५०, १:१००, १:२०० असलेली.
– ०.५ ची क्लच पेन्सिल, २एच आणि एचबी लेड. सोबत २बी आणि ४बी च्या साध्या पेन्सिली.
– ०.१, ०.३, ०.५ आणि ०.८ ची शाईची पेनं, प्रत्येकी एक. ०.१ सगळ्यात आधी संपतं, त्याचं एक जादा.
– ३०० मिमीची स्टीलची पट्टी, कटर, ए३ चं कटिंग मॅट.
– पिवळ्या ट्रेसिंगचा एक रोल.

पिवळ्या ट्रेसिंगवर कंजुषी करू नका. प्लॅनवर ट्रेसिंग टाकून दुसरा प्लॅन, त्यावर तिसरा, असं काम करणाऱ्यांचं डिझाइन पुढे सरकतं. महागड्या शीटवर पहिल्याच दिवशी रेघ मारणारे ती खोडायला धजत नाहीत आणि मग पहिलीच कल्पना शेवटपर्यंत ओढत बसतात. मार्करचा मोठा सेट, लाइट बॉक्स, एअरब्रश यातलं काहीही पहिल्या वर्षी घेऊ नका.

मेजर्ड ड्रॉइंग: खरं शिक्षण इथं होतं

उभी असलेली इमारत मोजून तिचा प्लॅन, सेक्शन (उभा छेद) आणि एलिव्हेशन (बाहेरून समोर दिसणारी बाजू) काढणं म्हणजे मेजर्ड ड्रॉइंग. बरेच जण ते "सबमिशन" म्हणून उरकतात. पण दुसऱ्या वर्षापासून डिझाइनमध्ये जे काही कामाला येतं, भिंतीची जाडी, चौकटीचं माप, छप्पर कशावर टेकतं, ते सगळं इथूनच येतं.

इमारत लहान निवडा: साठ-सत्तर चौरस मीटरचं घर, एखादं छोटं देऊळ किंवा गावातली शाळा. कोपिनेश्वर मंदिर मोजायची हौस सगळ्यांना असते. पहिल्या खेपेला ते झेपत नाही. ठाण्यात चेंदणी आणि महागिरी कोळीवाड्यात, नवी मुंबईत आग्रोळी, करावे, दारावे, वाशीगाव अशा गावठाणांत कौलारू किंवा जुनं विटांचं घर अजून सापडतं. पण तिथं टेप काढली की लोक सावध होतात, आणि त्याला कारण आहे. गावठाणांच्या भोवती गरजेपोटी, परवानगीविना बांधलेल्या घरांचा प्रश्न वर्षानुवर्षं चालू आहे. मोजमाप करणारा माणूस म्हणजे सिडकोचा नाहीतर महापालिकेचा, अशी पहिली शंका येते. कॉलेजचं पत्र जवळ ठेवा, आदल्या दिवशी जाऊन भेटा, आणि सरळ सांगा: "मावशी, आम्ही कॉलेजची मुलं. घर मोजून चित्र काढायचंय, कुठं देणार नाही. काढलं की एक प्रत तुम्हाला आणून देऊ." प्रत खरंच द्या. पुढच्या वर्षीच्या मुलांना त्याच घरात जायचं असतं.

तिघांची टोळी करा: एक टेपचं शून्य धरतो, दुसरा आकडा वाचतो, तिसरा लिहितो आणि लिहिताना तोच आकडा मोठ्यानं परत म्हणतो. हे "परत म्हणणं" पोरखेळ वाटतं, पण २३५० चा २५३० होतो तो इथंच.

टेप लावण्याआधी नुसत्या नजरेनं पूर्ण घराचा कच्चा प्लॅन काढा, मोठा, ए३ वर, एका खोलीला एक कागद. भिंत दोन रेघांची दाखवा, दारं, खिडक्या, कोनाडे, देवळी, पायऱ्या सगळं. प्रमाण चुकलं तरी हरकत नाही, आकडा लिहायला जागा हवी.

मग एका कोपऱ्यातून टेप सोडा आणि ती न उचलता चढते आकडे घ्या: खिडकीची सुरुवात ६४०, शेवट १५५०, दार २१००, दाराचा शेवट ३०००, भिंत ३८६०. प्रत्येक तुकडा वेगळा मोजला तर दर मापाला चार-पाच मिमीची चूक येते आणि बारा तुकड्यांत ती पन्नास-साठ मिमी होऊन बसते. चढत्या आकड्यांत एक चुकला तरी बाकीचे सुटे राहतात.

प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्याच. ३००० × ४००० ची खोली काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण ५००० भरतात. एक ५०४० आणि दुसरा ४९६० आला तर खोली तिरकी आहे, आणि जुनी घरं बहुतेक तिरकीच असतात. कर्ण न घेता घरी आलेली मंडळी शीटवर खोल्या काटकोनात मांडतात आणि शेवटची खोली बाहेरच्या भिंतीतून आरपार जाते.

भिंतीची जाडी दाराच्या किंवा खिडकीच्या गाळ्यात मोजा. पुस्तकात २३० वाचलेलं असतं आणि टेप २६५ दाखवते, तेव्हा टेपवर विश्वास ठेवा. २३० ही नुसत्या वीटकामाची जाडी. आतून १२ ते १५ मिमीचा गिलावा आणि बाहेरून दोन थरांचा २० मिमीच्या आसपास, असं मिळून २६५ होतं. दगडी जोत्याच्या वर भिंत एकाएकी पातळ झालेली दिसली तर ती पायरीही टिपा, सेक्शनमध्ये लागते.

उंचीसाठी जमिनीवर भरवसा ठेवायचा नाही, कारण जुन्या घराची जमीन मोरीकडे उतरलेली असते. गवंड्यांकडे असते ती पारदर्शक पाण्याची नळी घ्या, दहाएक मीटर लांब. दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीला येतं. त्यावरून सगळ्या भिंतींवर एकच आडवी रेघ खडूनं मारा, उंबऱ्याजवळच्या जमिनीपासून एक मीटरवर. खिडकीचा तळ, माथा, तुळई, छत, सगळं या रेघेपासून वर आणि खाली मोजायचं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर दोन टोकांच्या पातळ्या जुळत नाहीत आणि ते लक्षातही येत नाही. म्हणून सुरुवातीला दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं येतं ना, बघून घ्या. लेझर मीटर असेल तर छताची उंची झटकन मिळते, पण उन्हात ठिपका दिसत नाही आणि काचेवर तो फसवतो.

जिना मोजताना एकेक पायरी मोजत बसू नका. मजल्यापासून मजल्यापर्यंतची उंची घ्या, उठाव (पायऱ्यांच्या उभ्या बाजू) किती ते मोजा, भागाकार करा. लक्षात ठेवा, एका सरळ धावेत उठाव जितके, पाय ठेवायच्या पायऱ्या त्याहून एक कमी. हे गणित न कळल्यामुळे दुसऱ्या वर्षातसुद्धा मुलांचा जिना स्लॅबच्या एक पायरी खाली संपतो.

कौलारू छपराला उतार हवा. एक मीटरची पट्टी पाणसळीनं आडवी धरा, एका टोकाशी ती वाशाला टेकवा आणि दुसऱ्या टोकाशी ती वाशापासून किती वर-खाली आहे ते मोजा. आतून वासे किती अंतरावर, रीप किती अंतरावर, आढं कशावर टेकलंय, तुळईचा छेद किती, हे टिपा. मंगलोरी कौलं असतील तर रिपांतलं अंतर साधारण ३२ सेंमीच्या आसपास भरतं. फार वेगळं आलं तर पुन्हा मोजा.

निघण्यापूर्वी तिथंच बेरीज जुळवा: आतल्या खोल्या अधिक भिंती म्हणजे बाहेरचं माप. दहा मीटरच्या लांबीत २०-३० मिमीचा फरक चालतो. १०० चा फरक असेल तर कुठली तरी भिंत राहिली आहे. उत्तर दिशा मोबाइलच्या होकायंत्रावरून घेऊ नका. सळया, गाड्या, पत्रे जवळ असले की तो भरकटतो. उपग्रह नकाशावर घराच्या एका भिंतीचा कोन बघा, ते जास्त खात्रीचं.

आणि त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी, पेन्सिलनं प्लॅन बसवा. आठवड्यानं स्वतःचेच ३ आणि ८ वाचता येत नाहीत.

शीट

एका ए१ शीटवर (८४१ × ५९४ मिमी) काय काय बसेल, हे आधी कागदाचे चौकोन कापून मांडून बघा. १५ मीटरचं घर १:५० ला ३०० मिमी होतं. प्लॅनखाली सेक्शन घेतला तर उभ्या रेघा खाली ओढून अर्धं काम वाचतं. सेक्शनची रेघ जिना, खिडकी आणि टॉयलेट यांतून जाईल अशी घ्या. सोपी म्हणून कोऱ्या भिंतींतून नेलेली सेक्शन-रेघ ज्युरीत (परीक्षकांपुढे काम मांडताना) पहिल्या मिनिटाला पकडली जाते.

रेघांचं वजन ठरलेलं ठेवा: जे कापलं ते ०.५ किंवा ०.८, मागे दिसणारं ०.३, लाद्या, कौलं आणि हॅच (भरणीच्या बारीक तिरप्या रेघा) ०.१. लांबून पाहिल्यावर कापलेला भाग वेगळा उठून दिसला पाहिजे. शाई डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली (डावखुऱ्यांनी उजवीकडून), म्हणजे हात ओल्या रेघेवर येत नाही. हातानं काढलेल्या १:५० च्या एका पूर्ण प्लॅनला आठ ते दहा तास जातात. आदल्या रात्री तीन शीट "होतील" असं ज्याला वाटतं, त्यानं हा गुणाकार एकदा करून बघावा.

नेहमीच्या चुका: स्लॅब एकाच रेघेचा, स्लॅबखाली बीमच नाही, जोतं गायब, घर थेट मातीवर, बाहेरची जमीन पट्टीनं मारल्यासारखी सपाट, साइट पारसिकच्या उतारावर असूनसुद्धा.

पावसाळ्यात कार्ट्रिज शीट दमट होऊन लाटा घेते आणि शाई पसरते. शीट रात्रभर उघडी बोर्डावर ठेवू नका. नेण्यासाठी विकतच्या नळीपेक्षा ९० मिमी व्यासाचा पीव्हीसी पाइप, ६५० मिमी कापलेला, दोन टोपणं लावून, हा चांगला: गर्दीत चेपत नाही आणि पाणी जात नाही. शीट गुंडाळताना चित्राची बाजू बाहेर ठेवा. उघडल्यावर कडा टेबलाकडे वळतात आणि शीट टाचायला सोपी जाते.

ऊन आणि पाऊस सेक्शनमध्ये आणा

आपण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. २१ डिसेंबरला दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर ६०० चा छज्जा असेल तर सावली सुमारे ६५० मिमी खाली येते. १२०० उंचीच्या खिडकीचा खालचा अर्धा भाग उन्हात. जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो, म्हणजे उत्तरेची खिडकीही अगदी मोकळी सोडून चालत नाही. खरी पंचाईत पश्चिमेची. सूर्य ३० अंशांवर समोर आला की तोच ६०० चा छज्जा जेमतेम ३५० मिमी सावली देतो. तिथं उभ्या पट्ट्या, जाळी, व्हरांडा, झाड किंवा सरळ जिना-टॉयलेट पश्चिमेला टाकणं असे उपाय लागतात. "सन पाथ डायग्राम" छापून शीटच्या कोपऱ्यात चिकटवल्यानं काही होत नाही. सेक्शनवर कोनमापकानं किरण मारून दाखवा.

पावसाचा अभ्यास करायला पुस्तक कशाला, वाशी-कोपरखैरण्याच्या सोसायट्या बघा. खिडक्यांना नंतर लावलेले पत्रे, डबा ग्रिल, गच्चीवर गळतीला कंटाळून टाकलेली शेड. यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे मूळ ड्रॉइंगमध्ये राहून गेलेला एक तपशील. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी आत वळू नये म्हणून खाच असते, ती आहे का बघा. खिडकीच्या कठड्याचा उतार बाहेर आहे का बघा. गच्चीला पावसाचं पाणी उतरवणाऱ्या पाइपाकडे १:१०० चा तरी उतार, हे ड्रॉइंगवर बाणानं दाखवायची सवय आत्ताच लावा.

केस स्टडी: पायाखालचं सोडून चंदीगड नको

चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकात खाडीपलीकडे नवं शहर वसवायचा प्रस्ताव मांडला आणि १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. त्यामुळे नवी मुंबईत राहणारा विद्यार्थी मुळात एका मोठ्या डिझाइन प्रोजेक्टमध्येच राहतो. बेलापूरला कोरियांचं आर्टिस्ट्स व्हिलेज आहे, १९८०च्या दशकातलं. सात घरं सुमारे ८ × ८ मीटरच्या चौकाभोवती. असे तीन गट मिळून २१ घरं आणि मध्ये १२ × १२ च्या आसपासची मोकळी जागा. पुन्हा तीन मिळून त्याहून मोठी. शेजाऱ्यांच्या भिंती एकमेकांना जोडलेल्या नाहीत, म्हणजे प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की आता बऱ्याच घरांचं मूळ रूप ओळखू येत नाही. तिथं जाऊन मूळ घर शोधत फिरण्यापेक्षा तो ८ × ८ चा चौक टेपनं मोजा, त्यात काय उभं आहे (स्कूटर, तुळस, पाण्याची टाकी, पोरांचं क्रिकेट) ते प्लॅनवर मांडा, आणि दोन वेगवेगळ्या वेळी मांडा. बेलापूरलाच राज रेवाल यांची सिडकोसाठीची वसाहत उतारावर आहे. दोन्हींचे सेक्शन शेजारी ठेवले की उतार आणि गर्दी दोघांनी कशी हाताळली ते कळतं. नेटवरून उतरवलेल्या वीस फोटोंपेक्षा अशी एक शीट ज्युरीत वजनदार ठरते.

डिझाइन आणि ज्युरी

सहा आठवड्यांचा प्रोजेक्ट असेल तर मागून मोजा. शेवटचे दहा दिवस फक्त ड्रॉइंग आणि मॉडेलचे. त्याआधी प्लॅन गोठवायचा, मग कितीही सुंदर कल्पना सुचो. पहिला आठवडा साइट आणि गरजा. दुसऱ्याच आठवड्यात १:२०० चं खरखरीत मॉडेल, पुठ्ठ्याचं, फाडता येईल असं. तिसऱ्यापासून प्लॅन आणि सेक्शन एकत्र, १:१०० ला. प्लॅन पूर्ण करून मग सेक्शन "काढणारे" शेवटच्या आठवड्यात बीम खिडकीतून जाताना पाहतात.

नियमांचा वापर करणार असाल तर योग्य नियम घ्या. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेला २०२० मध्ये मंजूर झालेली राज्याची एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. बृहन्मुंबईची डीसीपीआर २०३४ वेगळी. घोडबंदर रोडच्या साइटला मुंबईचे साइड मार्जिन (इमारतीच्या बाजूला सोडायच्या जागा) लावून आणणारे दरवर्षी सापडतात.

ज्युरीत तीन मिनिटांत बोलून संपवा: साइटवर काय आहे, कोणता मोठा निर्णय घेतला, तो या सेक्शनमध्ये कसा दिसतो. "माझा कन्सेप्ट फुलपाखरू आहे" अशा सुरुवातीनंतर ज्युरर उरलेला वेळ फुलपाखरावरच बोलतात. आपला नंबर असताना मित्राला शेजारी उभं करून सगळे शेरे लिहून घ्यायला सांगा. उभ्या माणसाला त्यातले निम्मेसुद्धा आठवत नाहीत. वाद घालायचा असेल तर ड्रॉइंगकडे बोट दाखवून घाला.

मॉडेल

बोर्ड स्केलप्रमाणे निवडा. २३० ची भिंत १:१०० ला २.३ मिमी, म्हणून २ मिमीचा ग्रेबोर्ड किंवा माउंटबोर्ड चालतो. १:५० ला ५ मिमीचा सनबोर्ड. उतारासाठी १:२०० ला एक मीटरचा कंटूर (समान उंचीची रेघ) म्हणजे ५ मिमीचा एक थर.

कापताना एका दमात दाबू नका. तीन-चार हलके हात, स्टीलच्या पट्टीला लागून, आणि पातं बोथट वाटलं की टोक तोडा. बहुतेक कापलेली बोटं बोथट पात्यामुळे जोर लावल्यानं कापली जातात.

गोंदाचा गोंधळ सगळ्यांचा होतो. फेविकॉल कागद, पुठ्ठा, लाकडाला, अगदी पातळ. जास्त लावला की पुठ्ठा ओला होऊन वाकतो. बेसवर एका बाजूनं कागद चिकटवला की तो धनुष्यासारखा होतो. मागूनही तसाच कागद लावा, ताण सारखा होतो. फेविक्विक सनबोर्डला उत्तम, पण थर्माकोल आणि फोमबोर्डचा गाभा खातं. ॲक्रिलिकवर त्याची पांढरी वाफ बसते, पावसाळ्याच्या दमट हवेत जास्तच. खिडकीच्या काचांसाठी दुहेरी टेपची बारीक पट्टी वापरा.

बेस ४५० × ४५० पेक्षा मोठा असेल तर दोन तुकड्यांत करा आणि स्टुडिओत जोडा. लोकलमध्ये ६०० चा बेस मांडीवर मावत नाही आणि दारातून आडवा करून न्यावा लागतो. बेस खोक्याच्या तळाला स्क्रूनं पक्का केला तर मॉडेल उभं धरूनही नेता येतं. झाडं, माणसं, कठडे कॉलेजात पोचल्यावर लावा. फेविक्विक, कटर आणि चिमटा डब्यात घेऊनच निघा.

बांधकाम, स्ट्रक्चर आणि कॉम्प्युटर

बिल्डिंग कन्स्ट्रक्शनच्या शीट मोठ्यांच्या शीटवरून छापून पास होता येतं. पण स्लॅब भरताना एकदा बघितलं तर चार शीट आपोआप कळतात. ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरला विचारा, बूट आणि हेल्मेट घालून जा, आणि स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी जा, सळया उघड्या असतात तेव्हा. कव्हर ब्लॉक (सळया साच्यापासून दूर धरणारे छोटे ठोकळे) कुठं ठेवलेत बघा: कॉलमला किमान ४०, फुटिंगला किमान ५० मिमी. कॉलममधल्या रिंगा बीमच्या सांध्याजवळ दाट का होतात, ते सुपरवायझरला विचारा. चांगला माणूस असेल तर अर्धा तास समजावतो. बीमची खोली ढोबळमानानं गाळ्याच्या बाराव्या हिश्श्याइतकी धरली (४.५ मीटरला ३७५) तर सुरुवातीचे सेक्शन हास्यास्पद होत नाहीत. नेमका हिशेब स्ट्रक्चर्सच्या तासाला.

ऑटोकॅड, रेव्हिट विद्यार्थ्यांना अधिकृतपणे फुकट मिळतात, क्रॅक शोधू नका. खऱ्या मापात, मिमीमध्ये काढा. स्केल फक्त प्लॉट करताना. लॅपटॉप दुसऱ्या वर्षी घेतला तर १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक कार्ड बघा. प्लॉटिंगला पीडीएफ न्या आणि सबमिशनच्या आदल्या दिवशी दुपारी न्या. संध्याकाळनंतर सगळी बॅच त्याच दुकानात रांगेत असते. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, स्टुडिओत रात्र काढली म्हणून सकाळचं लेक्चर माफ होत नाही.

इंटर्नशिपचा पोर्टफोलिओ तिसऱ्या वर्षापासून साठवा: १५ ते २० पानं, तीन प्रोजेक्ट आणि एक मेजर्ड ड्रॉइंग. ऑफिसवाले रेंडर (कॉम्प्युटरवर केलेली रंगीत चित्रं) झटकन पुढे सरकवतात आणि मेजर्ड ड्रॉइंगवर थांबतात, कारण या मुलाला माप घेता येतं का, हे त्यांना तिथंच कळतं. पदवीनंतर काउन्सिलकडे नोंदणी करायची. ती होईपर्यंत नावामागे "आर्किटेक्ट" लावायला १९७२च्या कायद्यानं मनाई आहे, आणि इन्स्टाग्रामच्या बायोमधलं "आर." सुद्धा तेवढ्यापुरतं काढून ठेवलेलं बरं.